भिंतीआडचं बिऱ्हाड

इंग्लंडच्या सरे परगण्यातल्या शिअर या खेड्यात चौदाव्या शतकात विल्यम नावाचा एक सुतार राहत होता. त्याच्या मुलीनं, क्रिस्टीननं, १३२९ साली विंचेस्टरच्या बिशपकडे अर्ज केला. गावच्या सेंट जेम्स चर्चला लागून असलेल्या खोलीत मरेपर्यंत कोंडून घेण्याची परवानगी मिळावी, एवढीच तिची मागणी होती. बिशप जॉन स्ट्रॅटफर्ड यांनी लगोलग होकार दिला नाही. मुलीची चालचलणूक कशी आहे, याची गावात चौकशी करायला त्यांनी फर्मावलं. अहवाल चांगला आला. क्रिस्टीन आत गेली आणि दार बंद झालं.

तीनेक वर्षांत ती बाहेर पडली होती!

नवस बोलून मोडलेला, त्यामुळे प्रकरण गंभीर. पण बाहेरच्या जगातही तिचं मन रमलं नाही. १३३२ साली तिची विनंती थेट पोपपर्यंत पोचली. पोप तेव्हा रोममध्ये नव्हते, फ्रान्सच्या बाजूला आव्हिन्यों शहरात होते. एका सुताराच्या मुलीचं गाऱ्हाणं तिथवर गेलं आणि तिथून हुकूम घेऊन विंचेस्टरला परत आलं : हिला पुन्हा आत घ्या, झाल्या चुकीचं प्रायश्चित्त द्या, आणि ठरल्या मुदतीत ती परतली नाही तर धर्मबहिष्कृत करा. शिअरच्या चर्चच्या उत्तरेकडच्या भिंतीत तिच्या खोलीच्या दोन खुणा अजून आहेत. एक चार पाकळ्यांच्या आकाराचा झरोका, आणि दुसरी तिरकी चीर. त्या चिरेतून नजर टाकली की समोर वेदी यावी, अशा बेतानं ती कोरलेली आहे.

अशा बाईला इंग्लंडात ‘अँकरेस’ म्हणत, पुरुष असला तर ‘अँकराइट’. रानावनात, डोंगरकपारीत जाऊन राहणारे बैरागी वेगळे. ते हिंडू शकत, जागा बदलू शकत. या एकांतवासिनीचा पाय मात्र एकदा उंबऱ्याच्या आत पडला की पुन्हा बाहेर पडायचा नव्हता. ही रीत काही केवळ इंग्लंडची नाही. पुढे संगीतकार आणि ग्रंथकर्ती म्हणून गाजलेली बिंगेनची हिल्डेगार्ड ही जर्मन मुलगी १११२ साली डिसिबोडेनबर्गच्या मठाशेजारी युटा नावाच्या तरुण एकांतवासिनीबरोबर अशीच आत गेली होती. पण इंग्लंडात कागदपत्रं चांगली टिकली. ॲन वॉरन या अभ्यासिकेनं ११०० ते १५३९ या काळातली मृत्युपत्रं, बिशपांची दफ्तरं आणि राजाचे हिशेब चाळून ७८० एकांतवासी मोजले, ६०१ ठिकाणी राहिलेले. त्यांत बायका पुरुषांपेक्षा बऱ्याच जास्त होत्या.

आत जाण्याचा विधी अंगावर काटा आणणारा आहे. संन्यास घेताना स्वतःचं श्राद्ध स्वतःच घालण्याची रीत मराठी वाचकाला ठाऊक असते. त्याच जातीचा हा प्रकार. बिशप किंवा त्यांनी नेमलेला धर्मगुरू मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, म्हणे. काही ठिकाणी ती मिस्सा मृतांसाठी म्हणतात तीच असे. बाई जमिनीवर पालथी पडून असे. मग मिरवणुकीनं तिला खोलीकडे नेत. मरणपंथाला लागलेल्या माणसाला लावतात ते तेल तिला लावलं जाई, तिच्यावर माती टाकली जाई, आणि सगळे बाहेर आले की दार बंद करण्याचा हुकूम सुटे. कुठे दाराला कुलूप लागे, कुठे ते चिणून टाकत. काही खोल्यांत कबर आधीच खणून ठेवलेली असे. तेराव्या शतकातलं एक पुस्तक तर या बायकांना सांगतं, की आपल्या कबरीतली माती रोज थोडी थोडी हातानं उकरत जा.

त्या पुस्तकाकडे येऊच. त्याआधी एक प्रश्न सोडवायला हवा. जगाला मेलेली ही बाई जगत कशावर होती?

बिशपच्या चौकशीत चारित्र्याइतकाच हाही मुद्दा असे. आत घेतलेली बाई उद्या उपाशी मेली, तर बदनामी चर्चची. त्यामुळे कुणीतरी पोशिंदा दाखवावा लागे : घरचं उत्पन्न, एखादा मठ, जमीनदार किंवा सगळं गाव. बाराव्या शतकात दुसऱ्या हेन्रीच्या हिशेबवह्यांत काही एकांतवाशांच्या नावावर दिवसाला एक पेनी पडत असलेली दिसते. नॉर्विच शहरात तर व्यापारी आणि कारागीर आपल्या मृत्युपत्रात चर्चच्या दिव्याबत्तीला, कुष्ठरोग्यांना आणि एकांतवासिनींना एकाच दमात पैसे ठेवून जात. मेल्यावर आत्म्याला स्वर्गाआधी शुद्धिस्थानात किती काळ तिष्ठत राहावं लागेल, याची धास्ती त्या समाजाला होती, आणि जिवंतांच्या प्रार्थनेनं तो काळ कमी होतो, असा विश्वास होता. रात्रंदिवस प्रार्थना करणारं कुणीतरी गावात असणं, ही म्हणूनच गावाची गरज होती. भिंतीआडची बाई ती गरज भागवत होती, आणि गाव तिला जेवू घालत होतं. वैराग्याची ही बाजू भक्तिभावानं लिहिलेल्या चरित्रांत झाकली जाते, हिशेबवह्यांत मात्र उघड दिसते.

खोली कुठे असे, हे पाहिलं तरी तेच कळतं. जगापासून पळायचं तर रानात जावं. या खोल्या मात्र गावच्या चर्चला चिकटलेल्या, म्हणजे ऐन वस्तीत, कित्येकदा हमरस्त्यावर. खोलीला सहसा तीन खिडक्या असत. एक चर्चच्या आत उघडणारी, प्रार्थना ऐकण्यासाठी. दुसरी मोलकरणीच्या बाजूची, तिच्यातून जेवण आत येई आणि घाण बाहेर जाई. तिसरी रस्त्याकडे. तिच्यावर काळा पडदा आणि पडद्यावर पांढरा क्रूस. सगळी भानगड या तिसऱ्या खिडकीची होती.

यॉर्कशायरमधल्या रिव्हो मठाचे प्रमुख एल्रेड यांनी ११६०च्या सुमारास आपल्या एकांतवासिनी बहिणीसाठी एक नियमावली लिहिली. तिच्यात त्यांनी अशा खिडकीपाशी ठाण मांडून बसणाऱ्या म्हाताऱ्यांचा खरपूस समाचार घेतला आहे. गावातली सगळी लफडी त्या आत ओततात आणि आतली बाई ती चवीनं ऐकते, अशी त्यांची तक्रार. पोरांना जमवून शाळा भरवू नकोस, अशीही त्यांची ताकीद आहे. म्हणजे काहीजणी नक्कीच भरवत असणार.

आता ते पुस्तक. ‘अँक्रीन विसे’ हे त्याचं नाव. १२१५ ते १२३० च्या दरम्यान कधीतरी, इंग्लंडच्या पश्चिम मुलखात, एका धर्मगुरूनं तीन सख्ख्या बहिणींसाठी ते लिहिलं. तिघीही चांगल्या घरच्या आणि तरुणपणीच कोंडून घेतलेल्या. विद्वानांची भाषा लॅटिन असताना त्यानं हे इंग्रजीत लिहिलं, आणि ते इतकं वाचलं गेलं की पुढे त्याची फ्रेंच आणि लॅटिन भाषांतरं झाली. त्याच्या एका जुन्या हस्तलिखिताची संहिता १९६२ साली प्रसिद्ध झाली, तिचे संपादक होते जे. आर. आर. टॉल्किन. ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’वाले तेच.

पुस्तकाचे आठ भाग. मधले भाग मोह, पाप, कबुली, प्रायश्चित्त आणि प्रेम यांवर आहेत, आणि लेखकाच्या मते खरं महत्त्व त्यांनाच. पण शेवटचा भाग खाण्यापिण्याचा, कपड्यालत्त्याचा, आणि आजच्या वाचकाला सगळ्यात जिवंत वाटतो तोच. मांस आणि चरबी खाऊ नका, आजारी असलात तर गोष्ट वेगळी. जेवताना बोलू नका. कपडे साधे असू देत, पण उबदार. केस वर्षातून चार वेळा कापा. रक्तही चार वेळा काढून घ्या, आणि त्यानंतर तीन दिवस कामाला हात लावू नका, मोलकरणींशी चार चांगल्या गोष्टी बोलत बसा. अंगठ्या नकोत, ब्रोच नकोत. मित्र जोडण्यासाठी बटवे शिवत बसू नका, चर्चची वस्त्रं शिवा, गरिबांचे कपडे शिवा. दुसऱ्यांच्या चीजवस्तू सांभाळायला ठेवून घेऊ नका.

आणि साळिंदरासारखे काटे असणाऱ्या हेजहॉगचं कातडं अंगाला लावू नका, शिसं जडवलेल्या चाबकानं स्वतःला मारू नका, तसं करायचंच तर आधी आपल्या कबुली ऐकणाऱ्या गुरूला विचारा. मध्ययुगातला धर्म म्हणजे नुसता देहदंड, असं समजणाऱ्यानं हा नियम दोनदा वाचावा. इथे गुरूच शिष्येचा हात धरतो आहे.

प्राण्यांविषयीचा नियम सगळ्यात प्रसिद्ध आहे : मांजरीशिवाय कुठलंही जनावर पाळू नका. गाय का नको, ते लेखकानं फोडून सांगितलं आहे. गाय असली की तिच्या चाऱ्याची चिंता आली, गुराख्याची मजुरी आली. ती कुणाच्या शेतात शिरली की राखणदाराच्या विनवण्या करा, त्यानं ती कोंडवाड्यात घातली की त्याला शिव्याशाप द्या, आणि एवढं करून नुकसानभरपाई भराच. देवाचं नाव घ्यायला बसलेली बाई गाईच्या कज्ज्यात गुंतली, तर शोभत नाही. हे लिहिणाऱ्यानं असा एखादा कज्जा जवळून पाहिला असणार.

मोलकरणी दोन असाव्यात, असं तो म्हणतो. एकीनं घर सोडायचं नाही, दुसरीनं बाजारहाट करायचा. जगाला मेलेल्या बाईच्या पदरी दोन बायका! काही खोल्यांना पुढे बाग होती, काहींत एकाहून जास्त दालनं होती. सिनेमात दिसते तशी चार फुटांची अंधारकोठडी सगळीकडे नव्हती. पण म्हणून हे जिणं सुखाचं समजायचं कारण नाही. दिवसाचे ठरलेले तास प्रार्थनेत जायचे, थंडीत दगडी भिंती गारठायच्या, आणि आजारपणही त्याच चार भिंतींत काढायचं.

मग सुताराची मुलगी तिथे जाते का? श्रद्धा हे पहिलं कारण, आणि ते हलकं लेखू नये. ज्या समाजात नरक हा शेजारच्या परगण्याइतका खरा होता, तिथे सगळं सोडून देवाशी नातं जोडणं हा वेडेपणा नव्हता. पण दुसरी कारणंही होती. नन व्हायचं तर इंग्लंडात बायकांचे मठ थोडे, आणि तिथे बहुधा हुंडा घेऊन आलेल्या वरच्या घरांतल्या मुली. लग्न म्हणजे बाळंतपणांची रांग. या दोन्हींतून सुटून स्वतःची खोली, स्वतःची पुस्तकं आणि गावात मान मिळवण्याचा एक मार्ग या बंद दारातून जात होता. त्याची किंमत जबर होती. क्रिस्टीनला ती एकदा परवडली नाही, तरी ती परत आत जायला निघाली, हे विसरता येत नाही.

मान किती, याचे दाखले भरपूर आहेत. लोरेटा ही लेस्टरच्या अर्लची विधवा. तिच्या माहेरच्या घराण्याशी जॉन राजाचं वाकडं आलं आणि तिची आई आणि भाऊ १२१० साली त्याच्या कैदेत उपासमारीनं मेले. १२२० च्या सुमारास लोरेटा कँटरबरीजवळ हॅकिंग्टन इथे आत गेली. १२२४ मध्ये फ्रान्सिस्कन साधू पहिल्यांदा इंग्लंडात उतरले, तेव्हा त्यांना हात देणाऱ्यांत ती होती. आणि १२६५ साली, ती आत गेल्याला चाळीसहून जास्त वर्षं उलटल्यावर, राजदरबारातून तिला पत्र आलं : राज्याच्या कारभारीपदाचे परंपरेनं काय काय हक्क आहेत, ते कळवावं. जुनं ठाऊक असणारं माणूस कुठे राहतं, ते दरबाराला पक्कं माहीत होतं.

राजे स्वतःही जात. १३८१ च्या शेतकरी बंडात, बंडाचा म्होरक्या वॉट टायलर याला सामोरं जाण्याआधी चौदा वर्षांचा दुसरा रिचर्ड वेस्टमिन्स्टरमधल्या अँकराइटला भेटून आला. १४१३ मध्ये बाप वारला त्या रात्री पाचवा हेन्री तिथल्याच अँकराइटकडे गेला.

पण सगळ्यात मजेशीर कहाणी सॉमरसेटमधल्या हेझलबरीच्या वुल्फ्रिकची. हा मूळचा शिकारीचा षौकीन धर्मगुरू. ११२५ च्या सुमारास तो चर्चलगतच्या खोलीत शिरला आणि अंगात चिलखत घालून देहाला जाचू लागला. भविष्य सांगणारा म्हणून त्याची कीर्ती राजापर्यंत गेली. त्याच चर्चमध्ये ब्रिक्ट्रिक नावाचा इंग्रज धर्मगुरू होता, वर्षानुवर्षं वुल्फ्रिकची सेवा करणारा. एकदा एका मुक्या माणसाला वुल्फ्रिकनं वाचा दिली, तर तो इंग्रजी आणि फ्रेंच अशा दोन्ही भाषा बोलू लागला. ब्रिक्ट्रिक रुसला. मी इतकी वर्षं तुमचं करतोय, मला कधी फ्रेंच दिलीत का? बिशपसमोर मला मुक्यासारखं उभं राहावं लागतं, अशी त्याची कुरकुर. फ्रेंच बोलणाऱ्या नॉर्मनांच्या राज्यात नुसत्या इंग्रजीवर भागत नव्हतं, हे एवढ्याशा रुसव्यातून जितकं कळतं तितकं राजकीय इतिहासातून कळत नाही. ११५४ साली वुल्फ्रिक वारला, तेव्हा माँटाक्यूट मठातले साधू त्याचा देह न्यायला आले. जेवण आम्ही पुरवलं, म्हणून देह आमचा, असा त्यांचा दावा. गावचा तेव्हाचा धर्मगुरू ऑस्बर्न आणि गावकऱ्यांनी त्यांना हुसकावून लावलं.

संताचा देह म्हणजे यात्रा, आणि यात्रा म्हणजे उत्पन्न. साधूंनाही ते कळत होतं, गावालाही.

सगळ्यांत मोठं नाव मात्र नॉर्विचच्या एका बाईचं आहे, आणि ते तिचं खरं नाव नसावं. ती ज्या सेंट ज्युलियन चर्चला लागून राहिली, त्याच्यावरून जग तिला ज्युलियन म्हणतं. १३७३ च्या मे महिन्यात, साडेतीस वर्षांची असताना, ती मरणाच्या दारात पोचली. धर्मगुरूनं तिच्या डोळ्यांसमोर क्रूस धरला आणि तिला एकामागून एक सोळा दर्शनं झाली. ती वाचली. दर्शनांची हकिकत तिनं आधी थोडक्यात लिहिली, मग वर्षानुवर्षं विचार करून पुन्हा विस्तारानं लिहिली. इंग्रजीत स्त्रीनं लिहिलेलं म्हणून ज्ञात असलेलं हे सर्वांत जुनं पुस्तक आहे. ज्युलियन सहा-सात वर्षांची असताना नॉर्विचमध्ये प्लेगची पहिली साथ आली होती, आणि पुढेही साथी येत राहिल्या. अशा शहरात बसून तिनं देवाच्या रागाऐवजी देवाच्या मायेविषयी लिहिलं आणि ख्रिस्ताला आई म्हटलं.

तिची खोली काही निवांत ठिकाणी नव्हती. चर्च किंग स्ट्रीटलगत, वेन्सम नदीच्या धक्क्यांजवळ, म्हणजे ऐन मालाच्या आवकजावकीत. लोक तिला पैसे ठेवून जात. १४०४ मध्ये एकानं तिला १२ पेन्स आणि तिच्याजवळ राहणाऱ्या सारा हिला ८ पेन्स ठेवले. १४१५ मध्ये दुसऱ्यानं ज्युलियनला ४० पेन्स आणि तिच्या आताच्या व आधीच्या मोलकरणीला १२-१२ पेन्स दिले. आधीची मोलकरीण ॲलिस होती, हे आपल्याला त्या मृत्युपत्रामुळे कळतं.

१४१३ च्या सुमारास तिच्या खिडकीपाशी लिन गावची मार्जरी केंप आली. चौदा मुलांची आई, देवाच्या आठवणीनं भर चर्चमध्ये हंबरडा फोडणारी, त्यामुळे अर्ध्या गावाला नकोशी. आपल्याला होणारी दर्शनं खरी की सैतानी, हे तिला जाणून घ्यायचं होतं. दोघी कित्येक दिवस बोलत होत्या. लोकांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नकोस, असा धीर ज्युलियननं दिल्याचं मार्जरीनं पुढे आपल्या आठवणीत सांगितलं. ती आठवणींची वही शतकानुशतकं गायब होती, १९३४ साली एका जुन्या इंग्रज घराण्याच्या वाड्यात कपाटात सापडली. ज्युलियनचं पुस्तकही असंच थोडक्यात बचावलं. विस्तृत प्रतीच्या नकला फ्रान्सच्या आश्रयाला गेलेल्या इंग्रज नन्सनी सतराव्या शतकात जपल्या, आणि १६७० मध्ये ते पहिल्यांदा छापलं गेलं.

भिंतीआडच्या काहीजणींची हाडंही बोलू लागली आहेत. यॉर्कमध्ये फिशरगेटच्या ऑल सेंट्स चर्चच्या जागी २००७ साली उत्खनन झालं. वेदीमागच्या अर्धगोल भागात, जिथे सर्वसामान्यांना पुरत नसत, एका बाईचा सापळा अगदी गुडघे छातीशी घेऊन बसवावा तसा आखडलेला मिळाला. सांधे संसर्गानं खाल्लेले, हाडांवर उपदंशाच्या खुणा. १४२८ ते १४४८ अशी वीस वर्षं या चर्चला लागून इझाबेल जर्मन नावाची एकांतवासिनी राहत होती, आणि हा सापळा बहुधा तिचाच असावा, असं २०२३ मध्ये संशोधकांनी मांडलं. तसं असेल, तर ज्या रोगानं आणि विद्रूपतेनं इतर कुणाला गावाबाहेर काढलं असतं, त्याच देहाला वेदीपाशी जागा मिळाली.

सोळाव्या शतकात आठव्या हेन्रीनं रोमशी संबंध तोडला, १५३६ ते १५४० या काळात मठ मोडले, जमिनी विकल्या. शुद्धिस्थानावरचा आणि मृतांसाठीच्या प्रार्थनेवरचा विश्वासच राजमान्य राहिला नाही, तेव्हा भिंतीआडच्या बाईला पोसण्याचं कारण उरलं नाही. नॉर्विचच्या डोमिनिकन मठाशेजारी कॅथरीन मान नावाची एकांतवासिनी राहत होती. धर्मसुधारणेचा पुरस्कर्ता थॉमस बिल्नी यानं टिंडलनं इंग्रजीत आणलेलं, तेव्हा बंदी असलेलं नव्या कराराचं पुस्तक तिच्या हाती दिलं होतं. १५३१ मध्ये बिल्नीला नॉर्विचमध्ये जिवंत जाळलं. कॅथरीन वाचली. मठ गेला, तिची खोली गेली, आणि बाहेर आलेल्या कॅथरीनला नॉर्विचच्या नगरसभेनं पुढे वर्षाला २० शिलिंगांचं निवृत्तिवेतन बांधून दिलं.